पोपटी दोराचा उन्हाळा

चैत्र सरत आला की आमच्या जळगावात माणसं एकमेकांना ‘कसं काय?’ विचारत नाहीत. ‘आज किती?’ विचारतात. किती म्हणजे पारा किती. पानटपरीवर, दाणाबाजारात, रिक्षाच्या मागच्या सीटवर, एवढंच काय, कुणाच्या घरी भेटायला गेलं तरी आधी आकडा आणि मग पाण्याचा तांब्या. आकडा सांगणाराही असा सांगतो, जणू सकाळपासून दम लावून त्यानंच तो वर ढकललाय. भुसावळचा आकडा आपल्याहून जरासा जास्त निघाला, तर आमच्याकडे चांगल्या चांगल्या माणसांना जेवण गोड लागत नाही. ऊन हा आमचा अभिमान आहे. दुसऱ्या गावांना किल्ले असतात, समुद्र असतो. आम्हाला मे महिना आहे.

यंदाही तो आलाय. केळीच्या बागांना कडेनं लावलेली हिरवी जाळी उन्हानं पांढुरकी पडलीय. दुपारी रस्त्यावर फक्त कुत्री आणि लग्नाची वऱ्हाडं दिसतात. निंबाखाली बारीक पांढरी फुलं पडून वाळली आणि आता फांद्यांना हिरव्या लिंबोळ्यांचे घोस लागलेत. त्या घोसांमधून, मुरलीभाऊच्या अंगणातल्या निंबावरून, एक पोपटी दोर खाली आलाय. त्याला फळी बांधलीय. अखाजी आली म्हणून झोका टांगलाय. अखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खान्देशात लेकीबाळींनी माहेरी येऊन झोके घ्यायचा सण. दोर नवा नाही, पण रंग अजून तसाच झगझगीत आहे. त्याच्याकडे पाहिलं की मला कुणी ‘आज किती?’ विचारलेलं ऐकू येत नाही.

तो दोर झोक्यासाठी घेतलेलाच नव्हता. तो जाणार होता राजस्थानात, बाडमेरकडे, वाळवंटातून वर आलेल्या लाल दगडी डोंगरांवर.

आधी माणसं सांगतो. मुरलीभाऊ हा माझा शाळेपासूनचा दोस्त. जळालेल्या पाणबुडी मोटारी भरून द्यायचं त्याचं दुकान. मोटार भरायची म्हणजे आतली जळकी तार काढून नवी तांब्याची तार वेटोळ्या-वेटोळ्यांनी बसवायची. काम बोटांचं. उन्हाळा लागला, विहिरींचं पाणी खाली गेलं की मोटारी जळणार आणि मुरलीभाऊला मान वर करायला सवड मिळणार नाही. रफिकभाई त्याच्या शेजारच्या गाळ्यात रिक्षांची सीटकव्हरं आणि हुड शिवतो. मी लग्नांमध्ये माईकवर बोलतो. ‘वधूच्या मामांनी लवकरात लवकर बोहल्याजवळ यावं’ हे गेल्या कित्येक वर्षांत ज्या आवाजात आपण ऐकलं असेल, तो बहुतेक माझाच. मुरलीभाऊ मला ‘नाटक्या’ म्हणायचा. आणि जयू. मुरलीभाऊची एकुलती एक लेक. पुण्याला शिकायला गेली आणि तिथं कुठल्याशा दालनात, खोट्या भिंतीवर रंगीत खुंट्या धरून चढायला शिकून आली. पहिल्या पगारातून तिनं बापाला घड्याळ घेतलं नाही, आईला साडी घेतली नाही. हा दोर घेतला.

“साडी तरी नेसता आली असती,” जयूची आई, सुशीलावहिनी, म्हणाल्या.

“नेसून बघ,” मुरलीभाऊ म्हणाला, “पडणार तर नहीच.”

बापलेकीचं हे वेड मुळात बापाचं. मुरलीभाऊचं गाव साक्रीकडचं. त्या बाजूला माळावर काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती उभ्या आहेत, माणसानं बांधल्यासारख्या सरळ. कधीकाळी जमिनीच्या भेगेत वर आलेला आणि थंड झालेला दगड तो. आजूबाजूची जमीन झिजून गेली आणि भिंत राहिली. गावातली पोरं तिच्यावर अनवाणी चढायची. मुरलीभाऊ सगळ्यांत वर जायचा आणि तिथं बसून खालच्यांवर बोरं फेकायचा. पुढं जयू चालायला लागली तशी तिलाही तो तिथं घेऊन गेला. तिनं मोबाइलवर त्या बाडमेरकडच्या डोंगरांचे फोटो पहिल्यांदा दाखवले तेव्हा मी तिथंच होतो. लाल, गुळगुळीत, वाळूतून एकदम वर उठलेले कडे. मुरलीभाऊनं चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन नाकाशी नेला.

“ही तर आपलीच भिंत शे,” तो म्हणाला. “फक्त जास्त भाजेल शे.”

त्या दिवसापासून ठरलं. एक आठवडा. बापलेकीनं एका दोरावर तो डोंगर चढायचा. पण ठरलेल्या गोष्टी कशा राहतात तशी ती राहिली. एका वर्षी मोटारी जास्त जळल्या, एका वर्षी जयूची परीक्षा होती, मग तिचं लग्न. आणि लग्नानंतरची पहिली अखाजी आली ती एक बातमी घेऊनच आली: जावयाला जर्मनीत नोकरी लागलीय, पावसाळ्यात दोघं जाणार. तेव्हा जायचं तर आताच. जयू पंधरवडाभर माहेरी होती. तोच पंधरवडा. भर वैशाखातला.

आता कुठल्याही शहाण्या मुलखातला माणूस म्हणाला असता, बाबांनो, मे महिन्यात वाळवंटात कुणी जातं का? आमच्या चौघांत हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नाही. आम्ही जळगावची माणसं. आम्हाला कोण ऊन दाखवणार?

बाडमेरकडचा एक वाटाड्या जयूनं शोधून काढला होता. त्याच्याशी हिंदीत बोलायची जबाबदारी अर्थातच माझी. फोन स्पीकरवर, सगळे भोवती, आणि मी बोहल्यावर उभा असल्यासारखा.

“नमस्कार भाईसाहब! हम खान्देश से बोल रहे हैं!”

“कब आना है?”

“इसी महीने!”

पलीकडे इतका वेळ शांतता पसरली की मला वाटलं रेंज गेली. मग तो हळूच म्हणाला, “साहब, मई में तो यहाँ ऊँट भी छाँव ढूँढता है. नवंबर में आइए.”

मुरलीभाऊनं माझ्या हातातून फोन घेतला. “भाईसाब,” तो समजूत घातल्यासारखं म्हणाला, “आपका ऊँट जलगाँव का नहीं है ना.”

मी आयुष्यात पुष्कळ टाळ्या घेतल्या. पण त्या वाक्याला अंगणात जो हशा पिकला, तेवढा माझ्या वाट्याला कधी आला नाही.

तयारी तर अशी चालली होती, की मोहीम आहे का मुंज, हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळत नसे. वहिनींनी भाकरीसाठी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ दळून आणलं, शेव पाडली, ठेचा केला, लोणच्याच्या बरण्या भरल्या. “डोंगरावर चढायचंय आई, दुकान नाही टाकायचंय,” जयू म्हणायची. वहिनी ऐकत नव्हत्या. त्यांचं म्हणणं, ज्या मुलखात पाणी नाही तिथं तोंडाला चव तरी हवी. ऊन लागू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात कांदा ठेवायचा असं फर्मान निघालं. जयूच्या त्या परदेशी पट्ट्यांच्या पिशवीत, चकचकीत कड्या आणि हाताला लावायची पांढरी पूड यांच्या मधोमध, लाल कांदे येऊन बसले.

पाण्यावरून बापलेकीचं भांडण झालं. जयूचं मत प्लॅस्टिकच्या कॅनचं. मुरलीभाऊला मातीची घागर न्यायची होती.

“पप्पा, घागर घेऊन कोण डोंगर चढतं?”

“डोंगर तू चढ. घागर खाली ऱ्हायी. उतरल्यावर थंड पाणी कोण दी तुले?”

“फुटली तर?”

“मी कसाले शे मग? मी धरीसन बसस.”

आणि खरंच, संध्याकाळी तो कुंभाराकडून घागर घेऊन आला, तिला बाहेरून ओलं पोतं गुंडाळलं आणि घरात मूल आणल्यासारखी सावलीत ठेवली.

डोक्याला हेल्मेट आलं होतं. मुरलीभाऊनं आधी डोक्याला आपला पांढरा बागायती रुमाल गुंडाळला, कान झाकले, मानेवर गाठ मारली आणि मग हेल्मेट बसवायला गेला. बसेना. रुमाल काढायला तो तयार नाही. “हेल्मेट दगडापासून वाचवी, पण उन्हापासून कोण वाचवी?” असा त्याचा सवाल. शेवटी ते हेल्मेट पाटीसारखं रुमालावर ठेवून त्यानं हनुवटीखाली पट्टा ओढला आणि अंगणातून अशी चक्कर मारली, की शेजारची म्हातारीही पदर तोंडाला लावून हसली.

तंबू रफिकभाईनं शिवला. कशाचा? रिक्षाच्या हुडाच्या रेक्झिनचा. काळा, वर पिवळा पट्टा. उभा केला तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

“रफिकभाई,” मी म्हणालो, “वाळवंटात हा बघून माणसं हात करतील. स्टेशन सोडता का विचारतील.”

“तर सोडू ना,” रफिकभाई गंभीरपणे म्हणाला. “मीटरनं नाही जाणार पण.”

काळं रेक्झिन उन्हात किती तापतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी शिवलं. त्या उन्हाळ्यात आम्ही सगळेच थोडे कामातून गेलो होतो.

त्यातच प्रत्यक्ष अखाजीचा दिवस उजाडला. जुना झोक्याचा दोर कुजका निघाला, तर वहिनींनी न विचारता हा पोपटी दोर निंबावर टाकला. जयू बाजारातून आली आणि किंचाळलीच. हा दोर चढणाऱ्याचा. पडणाऱ्याला झटका बसू नये म्हणून तो ताणतो, रबरासारखा. त्यावर झोका म्हणजे काय होणार, हे तेवढ्यात शेजारच्या बायकांनी दाखवलंच. सडपातळ पोरी बसल्या तर झोका खालीवर नाचे. वहिनी बसल्या तर फळी अलगद, अगदी मानानं, जमिनीला टेकली. गाणी म्हणणाऱ्या बायका हसून हसून भुईवर बसल्या. “दोर चांगला शे,” वहिनी मातीत बसल्या बसल्या म्हणाल्या, “बाई माणसाले भुई दाखाडस.” मुरलीभाऊ पायरीवर बसून हे बघत होता. खापरावरच्या पुरणपोळीचा तुकडा त्याच्या डाव्या हातात होता. डाव्या. हे मला आज दिसतं. तेव्हा दिसलं नव्हतं, आणि दिसलं असतं तरी त्यात दिसण्यासारखं काय होतं?

आठवणी अशाच असतात. त्या वेळी सगळं कोपऱ्यात पडलेलं असतं, नंतर त्यातली एकेक वस्तू उठून मधोमध येऊन बसते. त्या उन्हाळ्यात मुरलीभाऊ तार भरायला बसत नव्हता, दुकानातल्या माणसाला बसवायचा आणि स्वतः स्टुलावरून सांगायचा. आम्ही म्हणायचो, शेठ झाला. तो हसायचा. शर्टाची वरची दोन बटणं उघडी ठेवायला लागला होता. आम्ही म्हणायचो, जवान झाला.

मग भिंतीवरचा दिवस.

बाडमेरला जाण्याआधी एकदा साक्रीकडच्या भिंतीवर सराव करायचा, ही जयूची अट होती. पहाटे निघून सकाळच्या गारव्यात चढायचं ठरलं होतं. पण रफिकभाईचा टेम्पो धुळ्याच्या अलीकडे पंक्चर झाला, मग पंक्चरवाल्याचं दुकान उघडेपर्यंत आम्ही पोहे खाल्ले, मग पोह्यांवर चहा, आणि भिंतीपाशी पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. काळा दगड असा तापला होता की त्याच्यापासून हातभर लांब उभं राहिलं तरी तोंडावर धग येत होती.

“बरं झालं,” मुरलीभाऊ म्हणाला. “परीक्षा देवानी तर भर उन्हातच देवानी.”

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोर वर भिंतीच्या माथ्यावरच्या कडीतून जातो. त्याचं एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला. दुसरी बाजू खाली उभ्या माणसाच्या कमरेच्या कडीतून वळून त्याच्या उजव्या मुठीत. वरचा घसरला की खालच्यानं मूठ आवळून दोर अडवायचा. बस. एवढंच. चढणाऱ्याचा जीव म्हणजे खालच्याची मूठ. चढण्याआधी वरच्यानं विचारायचं, “धरला?” खालच्यानं सांगायचं, “धरला!” आणि मगच पाय उचलायचा. या दोन शब्दांशिवाय एक पाऊलही नाही, हा जयूचा नियम.

“धरला?” जयूनं विचारलं.

“धरला!” मुरलीभाऊ म्हणाला.

मी बाभळीच्या विरळ सावलीत, खिशात कांदा घेऊन, समालोचन सुरू केलं. समोर चार शेळ्या आणि त्यांना राखणारी एक बाई, एवढे श्रोते मला पुरे होते. “वधू आता भिंतीच्या मध्यावर पोचलेली आहे! वधूपित्याच्या हाती दोर आहे! वऱ्हाडी मंडळींनी खिशातले कांदे सांभाळावे!” रफिकभाई हसत होता. शेळीवाली बाईही हसत होती. जयू वर सरकत होती, बोटांच्या टोकांवर, तापलेल्या दगडाला जेमतेम शिवत.

आणि तिचा पाय सुटला.

दोर अडायला हवा होता. अडला नाही. पोपटी रंगाची एक रेघ मुरलीभाऊच्या मुठीतून सरसर निघाली, जयू भिंतीला घासत खाली आली, आणि टेम्पोतून पाणी आणायला वळलेल्या रफिकभाईनं उडी टाकून दोराचं शेपूट दोन्ही हातांनी पकडलं. झटका बसला, दोर ताणला, जयू अधांतरी नाचली आणि थांबली. अखाजीच्या झोक्यासारखीच. माझं वाक्य तोंडातच राहिलं.

मग वरून जयूचा आवाज आला, हसरा: “पप्पा, डुलकी लागली का?”

मुरलीभाऊ आपल्या उजव्या तळहाताकडे बघत होता. तो भाजला नव्हता. त्यानं डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटली, जशी लहान मुलाच्या मुठीत आपण खाऊ देऊन बोटं मिटतो. मग वर न बघता म्हणाला,

“ऊन भलतं शे.”

त्या दिवशी तो स्वतः चढला नाही. टेम्पोच्या सावलीत जाऊन बसला. पुन्हा दोर धरायला गेला नाही. रफिकभाईनं धरला, जयू माथ्यापर्यंत गेली, वरून तिनं हात हलवला. मुरलीभाऊनंही हलवला, डावा. परतीच्या वाटेवर साक्री मागं पडल्यावर तो म्हणाला, “दिवाळीले जाऊ. तो उंटवाला खरं सांगे.”

आणि आम्हाला काय वाटलं असेल? आम्हाला हायसं वाटलं! खोटं कशाला बोलू? खिशातला कांदा काढून मी खिडकीतून बाहेर फेकला. वहिनींनी देवापुढं गूळ ठेवला. गल्लीतली माणसं म्हणाली, मुरलीभाऊ शहाणा निघाला. दुसऱ्या दिवशी जयूनं दोर गुंडाळून ठेवला आणि बापाला म्हणाली, “दिवाळीला येते म्हणजे येतेच.” “ये,” तो म्हणाला. मी फोन लावला आणि बाडमेरच्या त्या सज्जन माणसाला कळवलं, की भाईसाहब, आपका ऊँट जीत गया.

जन्मभर ज्या माणसानं उन्हाला कधी नाव ठेवलं नाही, छत्री उघडली नाही, घरात कूलर घेतला तोही वहिनींच्या नावानं, तो माणूस म्हणाला ऊन भलतं आहे. आणि चौघा खान्देशी माणसांत एकालाही खटकलं नाही. दुसऱ्या मुलखातल्या माणसाला ते वाक्य ऐकून काहीच वाटलं नसतं. आम्हाला तरी वाटायला हवं होतं. पण त्या दिवशी ऊन खरंच होतं हो. दगड खरंच तापला होता. खोटं बोलायला त्यानं जागा फार चांगली निवडली.

दिवाळीला जयू आली. तोवर नाशिकच्या आणि मुंबईच्या डॉक्टरांनी मुरलीभाऊच्या आजाराचं नाव सांगितलं होतं. नाव लांबलचक होतं; अर्थ एवढाच की मेंदूचा हुकूम हातापायांपर्यंत पोचेनासा होतो, आणि हळूहळू जिभेपर्यंत, घशापर्यंतही. औषध नाही. रफिकभाईनं चमच्याच्या दांड्याला रेक्झिनची जाड गुंडाळी शिवून दिली, म्हणजे मुठीत बसेल. एखाद-दोन महिने बसली. जयूनं डोंगराचा विषय काढला नाही, त्यानंही नाही. फराळाच्या ताटाशी दोघं बसले होते आणि ती त्याला शेव भरवत होती. मोहिमेसाठी पाडली होती तसलीच शेव. तो म्हणाला, “तिखट कमी शे.” वहिनी आत निघून गेल्या.

ती पुन्हा परत गेली, तिला जावंच लागलं. मी रोज त्याच्याकडे जाऊन बसायला लागलो. त्याचं बोलणं अडखळायला लागलं तसं मी त्याचं बोलणं लोकांना सांगू लागलो. तो दोन आवाज काढायचा, मी त्याचं वाक्य करायचो. कधी मुद्दाम चुकीचं करायचो. “मुरलीभाऊ म्हणतोय, नाटक्याला अजून एक कप चहा द्या.” मग तो मान हलवून नाही नाही म्हणायचा आणि डोळ्यांत हसायचा. लग्नांमध्ये इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या वतीनं बोललो, पण असं कुणाच्या वतीनं बोललो नव्हतो.

अशाच एका हिवाळ्यातल्या दुपारी, अंगणातल्या कोवळ्या उन्हात खुर्ची लावली होती. सगळीकडून वांगी भाजल्याचा वास येत होता, शेताशेतांतून भरिताचे बेत चालले होते. तो बराच वेळ निंबाच्या फांदीकडे बघत होता. मग त्यानं मला जवळ बोलावलं. मी कान त्याच्या तोंडाशी नेला.

“त्या दिवशी,” तो म्हणाला. थांबला. “ऊन नव्हतं रे.”

मी खुर्चीजवळ खाली बसलो.

“मूठच नव्हती. पौषापासून नव्हती.” मग खूप वेळानं, “मी चढतू. पडतू तरी चालतं. पण तिना दोर…”

पुढचं वाक्य त्यानं केलं नाही आणि मीही त्याच्या वतीनं केलं नाही. एवढंच कळलं, की चढायचं सोडून द्यायला त्याला फारसं काही वाटलं नव्हतं. लेकीचा दोर आपल्याला धरता येत नाही, हे त्या तापलेल्या भिंतीखाली त्याला कळलं होतं, आणि ते तिला कळू नये म्हणून त्यानं आपलं लाडकं ऊन पुढं केलं. कळलं असतं तर ती जर्मनीला गेली नसती.

“तिले सांगू नको,” तो म्हणाला. ते मात्र अगदी स्पष्ट.

मला पुष्कळदा वाटतं, आम्ही जायला हवं होतं. वैशाखात, त्या काळ्या तंबूसकट, कांद्यांसकट, बरण्यांसकट. दोर रफिकभाईनं धरला असता. मी खालून ओरडलो असतो. तो चढला नसता, चढूच शकला नसता, पण त्या लाल दगडाला एकदा हात लावून म्हणाला असता, ‘आपलीच भिंत शे.’ संध्याकाळी वाळूत बसून त्यानं घागर धरली असती, डाव्या हातानं का होईना, आणि जयू खाली उतरल्यावर तिला थंड पाणी दिलं असतं. लोकांनी आम्हाला वेडं ठरवलं असतं. त्याची सवय आम्हाला होती. शहाणपणाची नव्हती. जन्मात एकदाच केला, आणि तो असा.

मुरलीभाऊ गेल्या हिवाळ्यात गेला.

आज अखाजी. जयू परवाच आली. आल्या आल्या माळ्यावरून दोर काढला, निंबावर टाकला, गाठ स्वतः बांधली. शेजारच्या पोरी झोक्यावर आहेत, दोर खालीवर नाचतोय. गाणी मात्र यंदा या अंगणात नाहीत. पोरींना कुणी नको म्हटलं नव्हतं, त्यांनीच म्हटली नाहीत. रफिकभाईनं सकाळीच येऊन तो रिक्षाच्या रेक्झिनचा तंबू अंगणावर ताणून बांधला, पाहुण्यांना सावली म्हणून. खाली बसवत नाही इतका तापलाय. तरी सगळे त्याच्याखालीच बसलेत.

मी जयूजवळ उभा होतो. ती दोराकडे बघत होती.

“काका,” ती म्हणाली, “तुम्हाला माहीत होतं ना?”

“काय?”

“तुम्हाला नाटक करता येतं असं सगळे उगाच म्हणतात.” ती हसली, बापासारखी, फक्त डोळ्यांत. “वरून सगळं दिसतं काका. त्यांनी डाव्या हातानं बोटं मिटली ते मी पाहिलं. मला वाटलं, पप्पांचं वय झालं. एवढंच वाटलं हो. म्हणून दिवाळी म्हणाले तेव्हा हट्ट नाही केला. म्हटलं, राहू दे त्यांचं ऊन.”

म्हणजे तो खाली उभा राहून तिच्यापासून लपवत होता, आणि ती वर लटकून त्याच्यापासून, ‘डुलकी लागली का’ असं हसत विचारत. त्या दिवशी भिंतीवर नाटक करणारे तिघं होते, आणि त्यांतला सगळ्यांत कच्चा मी होतो.

अखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्यानं घागर भरतात. त्याला वर तहान लागू नये म्हणून. घरातल्या पुरुषानं भरायची अशी रीत, म्हणून मुरलीभाऊच्या पुतण्याला बोलावणं गेलं होतं. जयू म्हणाली, मी भरते. म्हाताऱ्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, “तीच भरी.” बाजारातून नवी घागर आणली होती, पण जयू घरात गेली आणि ती जुनीच घेऊन आली, त्या पोत्यातली, कधीच कुठं न गेलेली. पुसून, गंध लावून तिनं ती पाटावर ठेवली. शेजारी आंबा, सांजोरी आणि वरच्या झाकणावर ठेवायला पिवळं खरबूज. मग माठातलं गार पाणी तांब्यानं घेऊन ती ओतू लागली. कोरड्या मातीनं आधी ते पिऊन टाकलं, सर्रकन आवाज झाला. मग हळूहळू पाणी वर यायला लागलं. गळ्यापर्यंत आलं तशी ती थांबली, झाकण ठेवायला हात पुढं केला.

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या.

“आखो थोडं भर,” त्या म्हणाल्या. “काठलोंग भर. ऊन भलतं शे.”